ताईंची फळी

मोठे दीर बोटीवर जायला निघाले, त्या दिवशी दारात बुटांच्या नाड्या बांधता बांधता मला म्हणाले, "एक लक्षात ठेव. ही 'मी ठीक आहे' म्हणाली की तेवढ्यावर सोडू नकोस. नीट निरखून बघ."

मी हसले आणि "बरं बरं" म्हटलं. एक तर माझ्या कडेवर दात येणारी, लाळ गाळणारी मुलगी होती आणि ती माझा कान ओढत होती. दुसरं म्हणजे 'ही' म्हणजे माझी मोठी जाऊ. वॉर्डातल्या नर्सची नोकरी अर्धं आयुष्य केलेली बाई. घरात कुणी शिंकलं तर ती शिंक घशातून आली की छातीतून, हे पलीकडच्या खोलीतून सांगणारी. तिच्याकडे मी काय निरखून बघायचं? तिच्याच जिवावर तर मी मुलीला आंघोळ घालायला शिकले.

मी त्यांना ताई म्हणते. त्या मला काळजीवाहू म्हणतात. "आमच्या घरात काळजीवाहू सरकार आलंय, निवडणुका होईपर्यंत हलणार नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यात खोटं काही नाही. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतोय ना, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मोबाईलवर मी असे असे आजार शोधून काढलेत की डॉक्टरांनी मला एकदा विचारलं होतं, "तुम्ही वाचता कधी आणि झोपता कधी?"

आमच्या घराच्या पुढच्या बाजूला नवऱ्याचं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मागच्या बाजूला तळं. कुणे एके काळी तिथे विटांसाठी माती काढत. माती संपली, खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं आणि वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्याला 'मागचा खड्डा' म्हणत राहिलो. ताईंनी नोकरी सोडली आणि त्या खड्ड्याचं तळं केलं. काठ बांधून घेतले, एका बाजूला पायऱ्या केल्या, गाळ उपसला, बोटाएवढे मासे आणून सोडले. माशांच्या बाजारातला एक व्यापारी, बोलायला फटकळ पण शब्दाला पक्का, सगळा माल जिवंत उचलायला तयार झाला होता. फक्त तो यायच्या आत मासे वजनाला भरले पाहिजेत आणि जिवंत असले पाहिजेत.

"आणि नाहीच जमलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर परत रात्रपाळी," ताई म्हणाल्या. "मेट्रन वाटच बघतेय माझी." हे त्या हसत म्हणाल्या, पण हातातली वाटी त्यांनी जरा जोरात ओट्यावर ठेवली. ती नोकरी त्यांनी कंटाळून सोडली नव्हती. दुसऱ्यांच्या उशाशी उभं राहून खूप वर्षं झाली, आता स्वतःचं काहीतरी वाढताना बघायचंय, असं म्हणून सोडली होती. तळं म्हणजे त्यांचं ते 'स्वतःचं काहीतरी'.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसतं. मुलगी लवकर उठते, त्यामुळे मी आणि ती पहिल्या उजेडाला त्या खिडकीत असतो. एके सकाळी बघते तर सगळं तळं माशांच्या तोंडांनी भरलेलं. पाण्याच्या वर नुसती गोल गोल तोंडं, उघडमीट, उघडमीट. मुलीने टाळ्या वाजवल्या. मीही खूश झाले. आई झाल्यापासून उघडलेलं तोंड दिसलं की मला एकच अर्थ कळतो. मी माशांच्या दाण्याचा डबा घेतला, मुलीला कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरले.

"दाणा टाकू नकोस."

ताई मागे उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. वॉर्डात वापरत असतील तो आवाज, ज्याच्यापुढे माणूस हातातली वस्तू खाली ठेवतो.

"भुकेले दिसतायत हो."

"भुकेले नाहीत. त्यांना श्वास पुरत नाहीये." त्या एक पायरी खाली आल्या आणि चप्पल दगडावर जोरात आपटली. "बघ. भुकेला मासा पाऊल वाजलं की पळतो, मग दाणा पडला की परत येतो. हे हलतायत का? आणि वर आलेत कोण, ते बघ. सगळे मोठे. मोठ्यांना आधी कमी पडतं. ती गोगलगाय बघ, पाणी सोडून पायरीवर चढलीय. तिलासुद्धा आत थांबवेना."

मी मुलीला घट्ट धरलं. ज्या गोष्टीवर आम्ही दोघी खूश झालो होतो ती गोष्ट म्हणजे गुदमरणं होतं. ताईंनी मात्र पाण्याच्या नळीचं तोंड बोटाने दाबून बोअरचं पाणी उंचावरून तळ्यात सोडलं, पावसाच्या सरीसारखं. ऊन वर आलं तशी तोंडं एकेक करून खाली गेली.

चहाच्या वेळी नवऱ्याने निकाल देऊन टाकला. "एरेटर लागणार, वहिनी. पाण्यावर तरंगतं, पाती फिरतात, पाणी उसळतं, हवा मिसळते. मी बनवतो. जुनी मोटर पडलीय, दोन पिंपं पडलीत."

"भावजी, तुम्हाला सर्दी झाली तरी तुम्ही तिला मोटर बसवाल," ताई म्हणाल्या.

"म्हणजे नको?"

"नको नाही म्हटलं. आधी कळू दे की ह्याला झालंय काय. श्वास लागला म्हणून लगेच नळी लावली आणि दुखणं पोटात होतं, असे किती पेशंट बघितलेत मी. यंत्र बिघडलं, वीज गेली, मग? दुखणं तिथंच."

मला त्यांचं हे फार आवडतं. माझ्यासारखी असती तर घाबरून त्याच दुपारी यंत्र पाण्यात सोडलं असतं. दुसरी एखादी असती तर 'माझं तळं, मला शिकवू नका' म्हणून अडून बसली असती. ताई ह्या दोन्हींच्या मधे शांतपणे उभ्या राहतात, आणि तिथे उभं राहणं मला वाटतं सगळ्यात अवघड आहे.

त्या खालच्या पायरीवर बसल्या, बाही वर केली आणि हात सरळ पाण्यात घातला. "कोपर बुडेपर्यंत तळवा दिसायला पाहिजे," मला म्हणाल्या. "सांग, दिसतो का?"

तळवा मनगट बुडतानाच दिसेनासा झाला. पाणी हिरवंगार, घट्ट, वाटलेल्या पानासारखं.

"हे बघ दुखणं. हा हिरवा रंग म्हणजे बारीक शेवाळ. दिवसा ऊन असताना हेच पाण्याला श्वास देतं, आणि अंधार पडला की हेच श्वास खातं. थोडं असेल तर बरं. एवढं झालं की पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. त्यात आभाळ भरलेलं, ऊन नाही."

"आणि एवढं झालं कशाने?"

ताईंनी दाण्याच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच हसल्या. "तिघांनी मिळून. मी सकाळी टाकते, तू दुपारी पोरीला दाखवायला टाकतेस, आणि भावजी संध्याकाळी हात धुताना टाकतात. खाऊन उरलेलं सगळं तळाशी कुजतं आणि शेवाळाला खत होतं. लाडाने आजारी पडलंय तळं."

मग इलाज सुरू झाला. दाण्याचा डबा ताईंनी आपल्या कपाटात ठेवला, कुलूप लावून. ज्याला टाकायचं असेल त्याने मागून घ्यायचं. खालचं जुनं पाणी थोडं थोडं काढून नवं सोडायचं. काठावर सुटलेलं गवत उपटायचं. आणि रोज पहाटे त्या स्वतः उठून तळ्यावर जाणार, मासे वर आलेत का, पाऊल वाजवलं तर पळतात का, हे बघणार. "आठवडाभर बघू या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पहाटे मासे बरे दिसले तर तुमची मोटर दुकानातच राहील."

नवरा 'बरं' म्हणाला आणि दुकानाच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, गुपचूप एरेटर बनवत राहिला. विचारलं तर म्हणे, "हात मोकळे राहिले की वाईट विचार येतात."

आणि मासे खरंच सुधारले. मी खिडकीतून बघायचे तेव्हा पाणी शांत असायचं. एखादं तोंड वर आलंच तर ताईंच्या पावलासरशी सुर्र करून खाली. त्या खालून मला अंगठा दाखवायच्या. हात पाण्यात घातला की तळवा रोज थोडा जास्त खोल दिसायचा. एका सकाळी तो जवळजवळ कोपरापर्यंत दिसला तेव्हा त्यांनी मुलीचा हात धरून पाण्यात बुडवला आणि तिला विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, सोडायचं का पेशंटला घरी?"

नवरा म्हणाला, "हरलो. तळ्याला एरेटरची गरज नाही."

"मी म्हटलं नव्हतं?" ताई म्हणाल्या.

आम्ही सगळे त्या दिवशी फार खुशीत होतो. एक सांगायचं राहिलं. त्या दिवसांत अर्धवट झोपेत मला रोज एक आवाज ऐकू यायचा. थप्प, थप्प, थप्प. मला वाटायचं पलीकडच्या घरी कुणी कपडे आपटतंय. मुलीचा श्वास ऐकायचा, तो आहे ना याची खात्री करायची आणि कूस बदलायची. तो आवाज कशाचा, हे शोधायचं मला सुचलं नाही. मोबाईलवर शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग एका पहाटे मुलगी नेहमीपेक्षा लवकर उठली. खिडकीशी आले तर ताई खालच्या पायरीवर बसलेल्या. शेजारी जुन्या बाकाची एक रुंद फळी, अर्धी पाण्यात. त्यांचे खांदे वर जात होते, खाली येत होते. तोंड थोडं उघडं. मी मुलीला घेऊन बाहेर आले, पायऱ्या उतरले. माझ्या पैंजणांचा आवाज सगळ्या घराला सवयीचा, ताई तर लांबूनच म्हणतात, "आलं सरकार." मी त्यांच्या अगदी मागे येऊन उभी राहिले. पायरीवर चप्पल वाजली. त्या हलल्या नाहीत. मान वळली नाही.

मला त्या क्षणी दीर आठवले नाहीत. मला मासे आठवले.

"ताई."

"अगं, कधी आलीस?" त्या दचकल्या. "जरा बसले होते. मी ठीक आहे."

आणि मग दीर आठवले. बुटाच्या नाडीसकट.

मी शेजारी बसले. मुलीला मांडीवर घेतलं आणि ताईंचा हात हातात घेतला. नखं पांढरी होती, भिंतीला लावायच्या चुन्यासारखी. मी खालची पापणी ओढून बघितली, त्यांनीच मला शिकवलं होतं तसं. आतला भाग गुलाबी असायला हवा. तो नव्हता.

"कधीपासून दम लागतोय?"

"तू काय मला केसपेपर विचारतेस?"

"हो. जिना चढताना लागतो?"

"जिना कुणाला आवडतो?"

"ताई, दुखणं कळल्याशिवाय नळी लावायची नाही, हे तुम्हीच म्हणालात ना? मग आधी कळू दे. आज दवाखान्यात चला."

"आणि तळं?"

"तळं सुधारलंय. तुम्हीच म्हणालात."

फळी उचलायला म्हणून त्या वाकल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलव. गाडीवर बसवणार नाही मला."

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्म्यावरून ताईंकडे बघितलं. "सिस्टर, एवढ्या कमी रक्तावर तुम्ही चालत आलात कशा? हे काही एका महिन्यात झालेलं नाही. पाळीत रक्त फार जातं का? आणि तुम्हाला समजलं नाही?"

"मी कधी माझी पेशंट नव्हते," ताई म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. रक्त चढवायला त्यांना ठेवून घेतलं. मी निघाले तेव्हाही त्या मला बजावत राहिल्या, कपाटाची किल्ली कुठे आहे, बोअर कधी चालू करायचा. फळीबद्दल एक शब्द नाही. तेवढं तर कुणीही करतं, असं त्यांना वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. उजाडायच्या सुमाराला मी मुलीला घेऊन तळ्यावर गेले. तोंडं. सगळ्या पाण्यावर तोंडं. मी चप्पल दगडावर आपटली, इतकी जोरात की मुलगी रडायला लागली. एक मासा हलला नाही. पायरीवर गोगलगायी एकीमागे एक चढत होत्या.

मी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. वॉर्डातली माणसं त्या वेळेला जागीच असतात.

"ताई, सगळे वर आलेत. पळत नाहीत. मोठेच आहेत. गोगलगायी बाहेर. पाणी तर परवासारखंच आहे, मी हात घालून बघितला, तळवा दिसतो. मग असं का झालं?"

त्यांनी उलट विचारलं, "काल पहाटे मी काय करत होते?"

"बसला होतात."

"त्याच्या आधी?"

माझं लक्ष फळीकडे गेलं. अजून अर्धी पाण्यात, तशीच. थप्प, थप्प, थप्प. कपडे कुणी आपटत नव्हतंच. रोज पहाटे, मासे वर यायच्या आधीच, ताई त्या फळीने पाणी झोडपत होत्या. पाणी उसळून त्यात हवा मिसळत होती. मी खिडकीत यायचे तेव्हा सगळं शांत.

"तुम्ही रोज..."

"जरा हलवायचे पाणी," ताई म्हणाल्या. आणि मग त्या हसायला लागल्या, दम लागेपर्यंत. "अगं, केवढी मी मूर्ख. पेशंटला ऑक्सिजन लावून ठेवला आणि वर सगळ्यांना सांगत सुटले, बघा, ह्याला ऑक्सिजनची गरज नाही. ती नळी मीच होते की. मी मोजलीच नाही." मग आवाज बदलला. वॉर्डातला झाला. "भावजींना उठव. ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं यंत्र आणा म्हणावं. मला माहीत आहे ते आहे. लाव."

"तुम्ही म्हणाला होतात, वीज गेली तर?"

"वीज गेली तर फळी आहे. पण ती भावजी मारतील. दंड बघ त्यांचे, नुसते स्क्रू पिळायला आहेत का? लाव लवकर, बोलत बसू नकोस."

नवऱ्याने ताडपत्री ओढली. जुन्या मोटरीवर पत्र्याची पाती, दोन निळी पिंपं, आणि एका बाजूला, कुणी बघणार नाही अशा जागी, खडूने लिहिलेलं 'वहिनी'. आम्ही दोघांनी ते पायऱ्यांवरून उतरवलं, मुलगी झोळीत माझ्या पाठीला. मोटर चालू झाली, पाती फिरली, पाणी पांढरं होऊन उसळलं. मासे त्या उसळीच्या दिशेने सरकायला लागले. मी फोन पाण्याकडे धरून उभी राहिले. ताई पलीकडून ऐकत होत्या. थोड्या वेळाने मी पाऊल वाजवलं.

"पळाले," मी म्हटलं.

"सगळे?"

"पायरीजवळचे सगळे."

"बरं," त्या म्हणाल्या. "आता मी झोपते."

काही मासे गेले. पाण्यावर पोटं वर करून तरंगलेले आम्ही गोळा करून पुरले, आणि ताई घरी आल्यावर त्यांना ती जागा दाखवली, कारण त्यांनी विचारलं. बाकीचे राहिले. व्यापारी आला तेव्हा जाळ्यात उसळ्या मारत होते. त्याने एक हातात धरायचा प्रयत्न केला, त्याच्या शर्टाला शेपटी बसली, आणि तो फटकळ माणूस ताईंना म्हणाला, "बाई, पुढच्या वेळीही मलाच." मेट्रनचा फोन येऊन गेला. ताईंनी तिला दोन मासे पाठवले.

त्यांची पहाटेची फेरी आता बंद आहे. यंत्र ठरलेल्या वेळेला आपोआप चालू होतं. आभाळ भरलेलं असलं की नवरा जाऊन बघून येतो, आणि खिडकीत मी असतेच. ताई उन्हं वर आल्यावर उठतात, गोळी घेतात, आणि मला विचारतात, "सरकार, रात्र कशी गेली?" परवा मी विचारलं, एवढ्या वर्षांच्या नर्सला स्वतःचं कळलं कसं नाही? त्या मुलीचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला पलंगावर कोण आहे ते बघायला शिकवतात. पलंगाशेजारी कोण उभं आहे, ते बघायला कुणी शिकवत नाही." मग मुलीच्या नाकाचं टोक ओढून म्हणाल्या, "तुझी आई आपली आपणच शिकली."

दिरांनाही फोन केला होता. ते म्हणाले, "सांगितलं होतं ना मी." रागाने नाही. मागे समुद्र ऐकू येत होता.

तुमच्या घरीही कुणीतरी असेल. सगळ्यांच्या आधी उठणारं, ज्याचे आवाज तुम्हाला झोपेत इतके ओळखीचे झालेत की ते कशाचे हे तुम्ही कधी विचारलं नाही. तुमच्या घरी नसेल तर शेजारी असेल, किंवा ज्या घरातून तुम्ही निघालात तिथे असेल. उद्या एकदा त्या माणसाच्या आधी उठा. कसं आहे म्हणून विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. नुसते जवळ जा, पाऊल वाजवा, आणि ते माणूस वळून बघतं का ते पाहा.